गाडीचा विमा साधाच होता

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा सल्ला एकच होता, आपसात मिटवून टाका. मी सायकलवर होतो आणि मला धडक देणारा कोणी परका नव्हता. आमच्या भागात कापसाची खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी आणि चालवत होता त्याचा भाचा. अर्ध्या गावाचा कापूस त्याच्याच काट्यावर जातो, कित्येकांनी पेरणीच्या वेळी त्याच्याकडून उचल घेतलेली असते. अशा माणसावर केस करायची म्हणजे गावात बसणं-उठणं अवघड. तो स्वतः सफरचंदं घेऊन आला, उशाशी पैशांचं पाकीट ठेवलं आणि बायकोला म्हणाला, “वहिनी, दवाखान्याचं मी पाह्यतो. पोलिसायच्या भानगडीत कायले पडता? पोराचं लायसन जाईन.”

बायको बचत गटाची सचिव आहे, बँकेच्या मॅनेजरशी हुज्जत घालून कर्ज मंजूर करून आणणारी बाई. तिने पाकिटाला हात लावला नाही. “गाडीचा विमा हाये का?” एवढंच विचारलं.

“हाये, पण फुल नाई. साधाच हाये. त्यात काई भेटत नसते.”

आमच्याकडे हा समज फार पक्का आहे आणि तो अगदी उलटा आहे. ‘फुल’ विमा गाडीवाल्याच्या स्वतःच्या गाडीला पोचा आला तर भरून देतो. गाडीने ज्याला उडवलं त्याच्यासाठी असतो तो ‘साधा’ म्हणजे थर्ड पार्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. सायकलला विमा लागत नाही, लायसन लागत नाही, त्यामुळे सायकलवाल्याला काही मागता येत नाही असंही लोक समजतात. कायद्याच्या लेखी सायकलवाला हाच तो तिसरा माणूस. शरीराच्या दुखापतीसाठी कंपनीने किती द्यायचं याला वरची मर्यादाही नाही, रक्कम मोटार अपघातांचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण ठरवतं. व्यापाऱ्याने दरवर्षी भरलेले हप्ते याचसाठी होते. त्याच्या खिशातून वीस-पंचवीस हजार घेऊन गप्प बसण्यात ना त्याचा फायदा ना माझा. हे त्याला पटवायला आम्हाला जितका वेळ लागला, तितका कंपनीशी भांडायलासुद्धा लागला नसेल.

अपघाताचं थोडक्यात सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. पहाटे फाट्यावर पेपरचे गठ्ठे उतरतात, ते सायकलच्या कॅरिअरला बांधून मी तीन गावांत टाकतो. बाकी तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. २०२४ ची दिवाळी झाली होती, वेचणी सुरू होती, धुकं होतं. मागून गाडीचा आवाज आला म्हणून मी सायकल डांबरावरून खाली साईडपट्टीवर घेतली, तिथेच धडक बसली. उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं, खांद्याची हासळी गेली. भाचा पळाला नाही, थांबला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

मला उचलून ग्रामीण रुग्णालयात नेलं दुधाच्या गाडीवाल्याने. तो नंतर आलेला, त्याने धडक पाहिली नव्हती आणि पोलिसांची धास्ती होतीच. काउंटरवर विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “सायकलवरून पडले.” तेच केसपेपरवर इंग्रजीत उतरलं. मला यवतमाळला हलवलं तेव्हा तिथल्या शिकाऊ डॉक्टरने तो कागद वाचून बायकोला विचारलं, “नुसते पडले? मग एवढं हाड कसं मोडलं?” तिने खरं ते सांगितलं. त्याने आपल्या कागदावर ‘आरटीए’ म्हणजे रस्त्यावरचा अपघात, ‘चारचाकीची धडक’ असं लिहिलं, वैद्यकीय-कायदेशीर नोंद केली आणि दवाखान्यातल्या पोलीस चौकीला कळवलं. माझा जबाब पलंगावरच झाला. तो डॉक्टर नसता तर ‘पडले’ हा एक शब्द शेवटपर्यंत मला भोवला असता. पहिल्या कागदावर खाडाखोड करून घेण्याचा सल्लाही एकाने दिला होता, बायकोने तो उडवून लावला. केसपेपर आहे तसा राहू द्यायचा आणि दुधवाल्याचा जबाब पोलिसांत व्यवस्थित नोंदवून घ्यायचा, असं ठरलं. त्याने सांगितलं की आपण धडक पाहिली नाही, पण मी साईडपट्टीवर पडलेला होतो आणि थोडं पुढे डावा लाईट फुटलेली गाडी उभी होती. खरं तेवढंच, पण पुढे तेच कामी आलं.

घटनास्थळाचा पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. तोवर सायकल ठाण्यात गेलेली, गाडीही. माझा साळा तिथे हजर राहिला म्हणून बरं, नाहीतर जमादार रस्त्याची रुंदी आणि ‘अपघात झाल्याचे दिसून आले’ एवढंच लिहून मोकळे होत होते. साळ्याने बोट दाखवून दाखवून लिहायला लावलं, लाईटच्या काचा डांबराच्या कडेपासून किती फूट खाली आहेत, पेपरचे दोन गठ्ठे कुठे पडले आहेत, सुतळी कुठे तुटलेली आहे. “एवढं कायले लागते?” असं जमादार म्हणाले, पण लिहिलं. फाट्यावरचा पानठेलेवाला पंच झाला. मोबाईलवर फोटोही काढून ठेवले. नंतर आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली, त्यांच्या अहवालात आलं, पुढचा डावा भाग दबलेला, डावा लाईट फुटलेला. सायकलची मागची रिम द्रोणासारखी वळलेली होती, पुढच्या चाकाची एक तारही वाकली नव्हती. मागून, गाडीच्या डाव्या बाजूने, साईडपट्टीवर धडक, हे तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या तीन कागदांत जुळून आलं.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली दाखल झाला. हाड मोडलं की कायद्यात ती ‘गंभीर दुखापत’ धरतात, त्यामुळे हाड मोडल्याचा एक्स-रे आणि त्याचा रिपोर्ट फार जपावा लागतो. हे कलम जामीनपात्र आहे, भाचा ठाण्यातूनच सुटला. त्यानंतर व्यापाऱ्याचा सूर थोडा मऊ झाला, कारण त्याला वाटलं होतं पोराला जेलातच टाकतात.

गंमत म्हणजे गाडी कोर्टाच्या हुकमाने सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, लगेच सुटली आणि सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून राहिली. कॅरिअरला एक गठ्ठा तसाच बांधलेला होता. दवात भिजून, उन्हात वाळून त्याची लगदी झालेली, तरी वरच्या पानावरची तारीख वाचता येत होती. सायकलही सुपुर्तनाम्यावर मागता येते हे वकिलाने सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता ज्या भागात लोक सगळ्यात जास्त फसतात तो. मी अजून पलंगावर होतो, पायाला रॉड टाकायचा बाकी होता, तेव्हाच एक सफारी घातलेला गृहस्थ वॉर्डात आला. त्याच्याकडे माझं नाव, गाव, गाडीचा नंबर सगळं होतं. कोणी पुरवलं, कळलं नाही. म्हणाला, कोऱ्या वकीलपत्रावर सह्या करा, एक रुपया लागत नाही, आलेल्या पैशातून तीस टक्के आमचे. बाजूच्या पलंगावरच्या पोराने त्याच दिवशी सह्या करूनही दिल्या होत्या. वकिलाने निकालावर टक्के ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, हे मी पेपरात कधीतरी वाचलेलं होतं. पेपर टाकण्याआधी वाचायची सवय अशी उपयोगी पडते. आम्ही यवतमाळच्या कोर्टात ओळखीतून एक वकील गाठले, फी ठरवून घेतली, ती टप्प्याटप्प्याने दिली. वकीलसाहेब तोंडाने फटकळ पण कागदाला पक्के.

त्यांनी पहिलं काम केलं ते गाडीचा नंबर मोबाईलच्या परिवहन अॅपमध्ये टाकून पाहण्याचं. विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा, दोन्ही तिथे दिसलं. व्यापारी तोवर पॉलिसीची झेरॉक्स द्यायला टाळाटाळ करत होता. त्याला वाटत होतं, कंपनीने पैसे भरले की त्याच्याकडून वसूल करणार. त्याची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण देतं. पण भाच्याचं लायसन चालू होतं, विमाही चालू होता. वकीलसाहेबांनी त्याला स्वतः फोन करून हे सांगितलं, तेव्हा कुठे झेरॉक्स आली.

दुसरं म्हणजे मुदत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ खालच्या भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. जुने लोक अजून सांगतात, “क्लेम काय, कधीबी टाकता येते.” तसं राहिलं नाही. अर्ज अपघात जिथे झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही टाकता येतो, त्यामुळे परजिल्ह्यातल्या गाडीने उडवलं तरी तिकडे चकरा माराव्या लागत नाहीत.

२०२२ पासून पोलिसांच्या कामालाही वेळापत्रक आहे. पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीचा म्हणून वेगळा फॉर्म असतो, फॉर्म नंबर सहा, तो तपासी अधिकाऱ्याने आपल्याकडून भरून घ्यायचा. आमच्याकडे तो कोणी आणून दिला नाही. बायकोने ठाण्यात जाऊन नंबरासकट मागितला, तेव्हा साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. सविस्तर अहवाल उशिरा गेला, पण गेला. वकिलांनी त्याची वाट न पाहता अर्ज स्वतंत्र टाकून ठेवला होता.

अर्ज कोणत्या कलमाखाली, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यू झाला तर पाच लाख, रक्कम ठरलेली. कलम १६६ मध्ये गाडीवाल्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम नुकसानीच्या हिशेबाने ठरते. अडीच लाख स्वीकारले की १६६ चा अर्ज संपतो. साळा म्हणत होता, हातात येते ते घ्या. वकीलसाहेब म्हणाले, कागद तुमच्या बाजूचे आहेत, १६६ लढा. तेच केलं.

याच काळात बाकीचे विमेही धुंडाळून झाले. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कटतात त्या सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला दोन लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर एक लाख. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतही तसंच. माझा पाय जागेवर होता. हाड जुळलं म्हणजे या दोन्ही योजनांच्या लेखी माझं काही गेलंच नव्हतं. कृषी कार्यालयातल्या बाबूने तोंड पाडून सांगितलं, “काकाजी, बसत नाई,” आणि चहा पाजला. ऑपरेशन मात्र महात्मा फुले योजनेतून झालं, तो मोठा आधार. आता मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातात सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या आत बिनपैशाच्या उपचाराची केंद्राची योजनाही आली आहे, ती आमच्या वेळी नव्हती.

उपचार फुकट झाल्यामुळे कंपनीच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं. खर्चच नाही तर भरपाई कशाची? पण भरपाई फक्त बिलांची नसते. बुडालेली कमाई, सोबत राहणाऱ्या माणसाचा वेळ, येण्याजाण्याचं भाडं, खुराक, दुखणं, पुढे राहणारं अपंगत्व, या सगळ्यांचे वेगवेगळे रकाने असतात. मेडिकलची बिलं आणि एसटीची तिकिटं बायकोने बचत गटाच्या रजिस्टरसारखी चिकटवून ठेवली होती. काळी-पिवळीवाला पावती देत नाही, तिथे तिने तारीख, कुठून कुठे आणि किती, असं वहीत लिहून ठेवलं.

खरी झटापट कमाईवर झाली. पेपरच्या एजन्सीचं कमिशन रजिस्टर होतं, ते चाललं. शेतीचं म्हणून सातबारा आणि कापूस विकल्याच्या काटापट्ट्या जोडल्या. त्यावर कंपनीचे वकील म्हणाले, “जमीन तर जागेवरच आहे ना? पाय मोडला म्हणून शेत पळून गेलं का?” वरवर पाहता बिनतोड वाटतं. पण कोरडवाहू तीन एकरांत नफा म्हणतात तो घरच्या माणसाच्या अंगमेहनतीचाच असतो. डवरणी मी करायचो, फवारणी मी, पऱ्हाटी उपटायला मी. त्या हंगामात हे सगळं मजुरीने करून घेतलं. बायकोच्या वहीत मजुराचं नाव, काम आणि पैसे होते. वही लाडाकोडाची नाही, शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. वकीलसाहेबांनी ती पाहिली आणि पहिल्यांदा आमच्यावर खूश झाले.

अपंगत्वाचा दाखला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडून घ्यावा लागला. घोटा पुरता वळत नाही, उकिडवं बसता येत नाही, चढावर पायडल मारलं की कळ येते. दाखल्यावर पायाचं २० टक्के आलं. इथे लोक गफलत करतात. पायाचे २० टक्के म्हणजे कमाईचे २० टक्के नव्हेत. या दुखापतीमुळे त्या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला, ते पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय वेगळा आणि माझा वेगळा. त्यानंतर येतो वयाचा गुणक, तो सरला वर्मा प्रकरणातल्या २००९ च्या निकालातून आलेला. ४१ ते ४५ वयाला १४. महिना १२,००० कमाई धरली आणि कमाईवरचा परिणाम ८ टक्के धरला, तर वर्षाचे १,४४,००० गुणिले १४, त्याचे ८ टक्के, म्हणजे १,६१,२८०. हा झाला फक्त अपंगत्वाचा रकाना. बुडालेले महिने, औषधं, सोबत, दुखणं वेगळं. हा हिशेब मी पेपरच्या कोऱ्या समासात कितीदा मांडून पाहिला असेन. कंपनी पाच टक्के म्हणत होती, आमचे वकील बारा.

जबाबात कंपनीने अपेक्षित ते सगळं मांडलं. सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता, धुकं होतं, सायकलवाला अचानक आडवा आला, आणि अर्थातच, पहिल्या केसपेपरवर ‘पडले’ लिहिलं आहे. सायकलवाल्याचीही चूक ठरली तर तेवढे टक्के रक्कम कापतात. सगळ्यांना पंचनामा आणि आरटीओचा अहवाल हेच उत्तर होतं. आडवा आलेल्या सायकलची मागचीच रिम कशी वळेल? आणि काचा डांबराच्या खाली कशा सापडतील? कंपनीच्या वकिलांना वाईट म्हणणार नाही, तारीख संपली की बाहेर आमच्यासोबतच चहा घ्यायचे, “पाय कसा आहे?” विचारायचे आणि पुढच्या तारखेला पुन्हा मला आडवा आणायचे.

शेवटी प्रकरण राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवलं. कंपनीने पावणेदोन लाखांपासून सुरुवात केली. वकीलसाहेब हसले, म्हणाले, चूक सिद्ध न करता अडीच मिळतात, मग तुमच्याशी बसलो कशाला? पॅनेलवरच्या न्यायाधीशबाईंनी मला पायजम्याची घडी वर करून घोटा दाखवायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं. बायकोची वही त्यांनी स्वतः चाळली. बराच वेळ ओढाताण होऊन तीन लाख साठ हजारांवर तुटलं. लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, कंपनीलाही नाही आणि आपल्यालाही नाही, म्हणून पायातला रॉड पुढे काढावा लागेल त्याचा खर्च याच आकड्यात धरून घ्या, असा आग्रह आम्ही धरला होता. सही करण्याआधी ते एकदा स्पष्ट विचारून घेतलं. पैसे खात्यात आले, त्यातले निम्मे मुदत ठेवीत टाकले, उरलेल्यातून आधी साळ्याची उधारी फेडली.

व्यापाऱ्याला एक रुपया भरावा लागला नाही. हे गावात कळल्यावर ‘कायले त्याच्या मागे लागले’ म्हणणारे गप्प झाले. उलट दोघे-तिघे आपापल्या गाड्यांचे कागद घेऊन बायकोकडे आले, आमचा साधा चालू हाये का, जरा पाह्यसान. त्यातल्या एकाच्या मोटारसायकलचा विमा केव्हाच संपलेला निघाला. तो तिने त्याच्याकडून दुसऱ्याच दिवशी भरवून घेतला.

फौजदारी केस अजून चालू आहे. भरपाईचा आणि तिचा निकाल एकमेकांवर अवलंबून नसतो, तिथे भाचा सुटला तरी मिळालेले पैसे परत जात नाहीत. मला साक्षीचा समन्स आला तेव्हा भाचा घरी आला, अंगणातच उभा राहिला. “काकाजी, साक्षीत काय सांगसान?”

“पंचनाम्यात हाये तेच,” मी म्हटलं. “आणि तू थांबला होतास, तेबी सांगीन.”